पानांचा हिशेब, घडाची गोडी

 

एप्रिलची खरड छाटणी आटोपली. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागांत ओलांड्यांवर पोपटी फुटी दिसायला लागल्यात. टोळ्यांना बोलावणी यायला लागलीत. येत्या आठ-पंधरा दिवसांत आपल्यातल्या कितीतरी जणी विरळणीला, बगलफुटी काढायला, शेंडे खुडायला जातील. म्हणून आज आम्ही द्राक्षाच्या पानांबद्दल बोलणार आहोत. द्राक्षाच्या घडाबद्दल सगळे बोलतात. पानांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आम्ही म्हणजे आमच्या गटातल्या बाया. आमच्यातल्या काही जणींची स्वतःची दोन-तीन एकर बाग आहे. काही जणी रोजाने जातात, काही टोळीत उक्त्यावर जातात. पण वेलीखाली उभं राहून मान वर करून काम करायचं हे सगळ्यांच्याच वाट्याला आलेलं आहे. त्यामुळे हे बोलणं मालकिणीसाठीही आहे आणि मजुरी करणाऱ्या बाईसाठीही.

तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. एकाच बागेत, एकाच ठिबकवर, एकाच खतावर वाढलेल्या दोन वेली शेजारी शेजारी असतात. एकीचे मणी टपोरे, एकसारखे, गोड. दुसरीचे घड जास्त, पण मणी बारीक, आंबट, कुठे हिरवे तर कुठे पिवळे. व्यापारी येतो, पहिल्या वेलीचा माल उचलतो, दुसरीकडे बघून तोंड वाकडं करतो. मग घरात चर्चा होते ती औषधाची आणि खताची. कुठलं टॉनिक कमी पडलं, कुठली फवारणी चुकली. पण बऱ्याच वेळा उत्तर डोक्यावरच पसरलेलं असतं. पानं किती ठेवली, कुठे ठेवली आणि कधी काढली, यात ते उत्तर असतं.

पान म्हणजे वेलीचा कमावता हात

आपल्या घरात जसे कमावते हात असतात आणि खाणारी तोंडं असतात, तसंच वेलीचं आहे. पान कमावतं. ऊन, हवा आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांपासून पान साखर तयार करतं. घड, मुळं, खोड, कोवळा शेंडा हे सगळे खाणारे. घड स्वतः हिरवा असताना थोडंफार तयार करतो, पण त्यावर त्याचं पोट भरत नाही. घडातली गोडी पानातूनच येते.

ही गोडी किती, ते पाहू. व्यापारी ब्रिक्स मीटरवर रसाचा थेंब टाकतो आणि १८ ब्रिक्स सांगतो. म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, आणि त्यात बहुतेक साखरच. साडेतीनशे ग्रॅमचा एक घड धरला तर त्यात साधारण ६० ग्रॅम साखर झाली. चहाच्या चमच्याने मोजली तर बारा ते पंधरा चमचे. एका घडात! ही सगळी साखर त्या काडीवरच्या पानांनी उन्हात उभं राहून तयार केलेली असते. खतात साखर नसते, औषधात नसते. खत आणि पाणी पानाला काम करायला मदत करतात, काम मात्र पानच करतं.

मग एका घडाला पानं किती लागतात? अभ्यासकांचा हिशेब असा आहे, की एक ग्रॅम द्राक्ष नीट पोसायला साधारण ८ ते १० चौरस सेंटिमीटर पान लागतं. साडेतीनशे ग्रॅमच्या घडाला २,८०० ते ३,५०० चौरस सेंटिमीटर. आपल्याकडचं थॉमसन किंवा तास-ए-गणेशचं पूर्ण वाढलेलं चांगलं पान वीतभराला थोडं कमी रुंद असतं, ते सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरा. भागाकार केला की १४ ते १७ पानं येतात. म्हणूनच जाणकार बागायतदार सांगतात, घडाच्या काडीवर १५-१६ पानं ठेवा. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. यामागे घडाचं पोट आहे.

आठ-नऊ पानांच्या काडीवर मोठा घड ठेवला, तर एका कमावत्या माणसावर दहा तोंडं टाकल्यासारखं होतं. उपाशी कुणी राहत नाही, पण पोटभरही कुणाला मिळत नाही. मणी फुगत नाहीत, पाणी उतरायला उशीर होतो, गोडी भरत नाही, आणि वेल थकते ती निराळीच. थकलेली वेल पुढच्या वर्षी त्याची वसुली करते.

मग भरपूर पानं ठेवली तर?

तुम्ही म्हणाल, मग काढायचीच कशाला? वाढू द्या पानं. जास्त पानं, जास्त साखर. तसं होत नाही. कारण पानाला ऊन लागतं, आणि वरचं पान खालच्या पानाचं ऊन खातं.

वरच्या थरातलं एक पान त्याच्यावर पडलेल्या कामाच्या उजेडातला नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड स्वतःच घेतं. त्याच्या अगदी खाली असलेल्या पानाला उरतो दहा टक्क्यांहून कमी. तिसऱ्या थरातल्या पानाला जवळजवळ काहीच नाही. असं पान हिरवं दिसतं, पण कमावत नाही. काही दिवसांनी पिवळं पडून गळतं. तोवर ते हवा अडवतं, ओल धरून ठेवतं आणि औषधाचा फवारा घडापर्यंत पोहोचू देत नाही.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. भर दुपारी बारा-साडेबाराला मांडवाखाली जाऊन जमिनीकडे पाहा. सावलीत उन्हाचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. हात हलवावा तसे वाऱ्यावर हलणारे कवडसे. सगळी जमीन काळोखी असेल तर पानं दाट झाली. आणि कवडसे सोडून उन्हाचे मोठे पट्टे पडले असतील, तर जागा वाया चालली आहे, ऊन जमिनीवर सांडतंय.

मे महिन्यातलं काम, डिसेंबरातला घड

आता आजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याला वाटतं, घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतो, म्हणजे त्याची काळजी ऑक्टोबरनंतर. पण घड तेव्हा फक्त बाहेर दिसतो. तो तयार होतो आत्ता, मे-जूनमध्ये.

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत ठरतं, की या डोळ्यातून पुढे घड निघणार की नुसती बाळी. याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. डोळा बाहेरून हरभऱ्याच्या डाळीएवढासुद्धा नसतो, पण आत घडाचा पाया घातला जात असतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. काडीत साठलेलं अन्न आणि डोळ्यावर पडणारा उजेड. दाट पानांच्या अंधारात राहिलेल्या डोळ्यातून ऑक्टोबरमध्ये घड निघत नाही, किंवा निघाला तर एवढासा निघतो आणि जिरून जातो. मग लोक म्हणतात, यंदा बाग फेल गेली. ती ऑक्टोबरात फेल गेलेली नसते. ती जूनमध्येच गेलेली असते, फक्त आपल्याला चार महिन्यांनी कळतं.

त्यात जूनमध्ये ढग येतात. आभाळाने उजेड कमी केला, तर आपल्या हातात एकच गोष्ट उरते. आहे तो उजेड पानांच्या गर्दीत अडकू द्यायचा नाही.

म्हणून आता येणारं काम कसं करायचं ते नीट ऐका.

पहिलं, विरळणी. फूट पाच-सहा पानांची झाली की जास्तीच्या फुटी काढायच्या. ओलांड्यावर दोन फुटींमध्ये साधारण अडीच-तीन इंच, म्हणजे आपली चार बोटं मावतील एवढं अंतर ठेवायचं. एकाच जागेतून दोन-तीन फुटी निघाल्या असतील तर एक ठेवायची. ठेवायची ती मध्यम जाडीची. फार जाड, फोफावलेली फूट नुसती पळते, तिच्या डोळ्यात घड कमी धरतो. फार बारीक फूट पोसू शकत नाही.

दुसरं, शेंडा. फूट सात-आठ पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा खुडायचा. फूट थोडी थांबते, पळण्यात जाणारं अन्न डोळ्यांकडे वळतं. मग शेंड्याजवळून नवी फूट निघते, तिला आपण सबकेन म्हणतो. पुढे त्या गाठीजवळच्या डोळ्यांत घड चांगला धरतो. इथे एक साधी खूण लक्षात ठेवा. शेंडा नखाने खुडता येतो तेव्हा खुडायचा. कात्री लागली म्हणजे उशीर झाला. उशिरा खुडताना आपण चार-पाच तयार पानं कापून टाकतो. वेलीने त्यांना वाढवायला घातलेलं अन्न मातीत जातं.

तिसरं, बगलफुटी. पानाच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी कोवळ्या असतानाच काढायच्या. मात्र काढताना खालचं मोठं पान आणि त्याच्या बगलेतला डोळा यांना धक्का लावायचा नाही. ओढून फाडली तर डोळाच उपटून येतो. तो डोळा म्हणजे ऑक्टोबरचा घड.

हाताचं काम औषधाने केलं तर

काही ठिकाणी असं होतं, की नत्र आणि पाणी भरपूर दिलं जातं, वेल बेफाम पळते, आणि मग तिला रोखायला औषध मारलं जातं. वाढ रोखणारी औषधं असतात. त्यांतलं क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला बागेत सीसीसी म्हणतात, ते खरडीच्या काळात वेलीची वाढ थांबवायला वापरलं जाई. २०१० साली काय झालं ते जुन्या बागायतदारांना विचारा. युरोपात गेलेल्या द्राक्षांत याच औषधाचा अंश सापडला. तिथली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. माल तिकडच्या बंदरांत अडकला, नाकारला गेला, आणि इथल्या बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. औषध मारलं होतं वेल रोखण्यासाठी, काही महिन्यांआधी. पण वेल त्याचा अंश विसरली नव्हती.

यातून एक गोष्ट आपल्याला कळते. वेळेवर नखाने खुडलेल्या शेंड्याचा अंश कुठल्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. आणि ते काम आपल्या हातांचं आहे. वेल फार पळत असेल तर आधी युरिया आणि पाणी यांचा हिशेब करायचा, मग शेंडा खुडायचा. नाहीतर आज खुडलं, आठ दिवसांत पुन्हा तेवढंच वाढलं. मालकाचे पैसे जातात आणि आपली मान दुखते.

ऑक्टोबरनंतर किती घड ठेवायचे

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की नव्या फुटींबरोबर घड दिसायला लागतात. पाच-सहा पानं झाली की फेलफुटी, म्हणजे बिनघडाच्या जास्तीच्या फुटी काढायच्या. मग प्रश्न येतो, घड किती ठेवायचे. इथे जीव कासावीस होतो. निघालेला घड काढून टाकायला हात धजत नाही. पण हिशेब करून पाहू या.

समजा बाग ९ बाय ५ फुटांवर आहे. एका वेलीला ४५ चौरस फूट जागा. निर्यातीच्या मालाला दीड चौरस फुटाला एक घड असा मोठा हिशेब धरतात, म्हणजे वेलीवर ३० घड. स्थानिक बाजारासाठी चौरस फुटाला एक. आता ३० घड, प्रत्येकाच्या काडीवर १६ पानं, म्हणजे ४८० पानं. ती ४५ चौरस फुटांवर पसरली तर दोन थरांच्या थोडी वर होतात. एवढी पानं ऊन वाटून घेऊ शकतात. आता त्याच वेलीवर ५० घड ठेवले आणि प्रत्येकाला १६ पानं द्यायची म्हटलं, तर ८०० पानं होतात. जवळजवळ चार थर! खालच्या दोन थरांना ऊनच मिळणार नाही. म्हणजे पानं मोजायला ८००, कमावणारी साडेचारशे-पाचशेच. आणि खाणारे घड ५०.

म्हणजे घडांची संख्या ही हौसेवर नाही, जागेवर आणि उन्हावर ठरते. ३० घड साडेतीनशे ग्रॅमचे म्हटले तरी एका वेलीला साडेदहा किलो होतात. एकरी ९६८ वेली बसतात, म्हणजे दहा टन. एवढा एकसारखा, १६ ते १८ मिलिमीटर मण्याचा, गोड माल मिळाला तर ५० बारीक घडांच्या मागे लागायचं कारण नाही.

घडाभोवतीची हवा

पानांची गर्दी फक्त ऊन अडवत नाही. भुरी आणि डाउनी, म्हणजे आपला केवडा, यांना ती घर देते. डाउनीला पानावर पाणी साचलेलं हवं असतं. दाट बागेत सकाळचं दव दहा वाजले तरी वाळत नाही. भुरीला तर पाणीही लागत नाही, सावली आणि कोंदट हवा पुरते. पिठ्या ढेकणालाही लपायला अशीच जागा आवडते. आणि फवारा वरच्या पानांवरच बसतो, आत घडापर्यंत जात नाही. मग फवारण्या वाढतात.

वाढलेली प्रत्येक फवारणी आपल्या अंगावर येते. मालकाच्या खिशातून पैसे जातात ते खरं, पण वेलीखाली दिवसभर उभी असते ती बाई. मोकळी बाग म्हणजे कमी फवारण्या, आणि कमी फवारण्या म्हणजे आपल्या श्वासात, हातावर, घरी नेलेल्या साडीवर कमी औषध. त्यामुळे पानांचं काम नीट करणं हे आपल्या तब्येतीचंही काम आहे.

औषधाच्या डब्यावर एक रंगीत चौकोन असतो, तो पाहायची सवय लावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सर्वांत कमी. फवारलेली पानं ओली असताना बागेत शिरायचं नाही. काय फवारलं, कधी फवारलं, हे विचारणं हा आपला हक्क आहे.

पण वेल उघडी करायची नाही

मोकळी बाग म्हणजे उघडी बोडकी बाग नव्हे. काही ठिकाणी घडाभोवतीची सगळी पानं ओरबाडून काढतात, घड चमकताना दिसावा म्हणून. फळधारणेनंतर घडावर घासणारी, घडाला चिकटलेली दोन-तीन पानं काढली तर हवा खेळते आणि मण्यावर घासल्याचे डाग पडत नाहीत. तेवढं पुरतं. त्याहून जास्त काढली तर दुपारच्या उन्हात मणी भाजतात, साल तपकिरी पडते. पाणी उतरल्यावर थंडी कडक असली आणि दिवसा ऊन चढलं, तर हिरव्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात. उघड्या घडाला याचा जास्त त्रास होतो. म्हणून तर आपण घडाला कागद बांधतो. आधी पान काढायचं आणि मग कागद बांधायचा, असं कशाला?

वाय पद्धतीच्या बागेत ओळ दक्षिणोत्तर असेल तर पश्चिमेच्या बाजूला दुपारनंतरचं ऊन थेट येतं. त्या बाजूला पान जरा जास्त राहू द्या. पूर्वेकडे सकाळचं कोवळं ऊन असतं, तिथे थोडं मोकळं चालतं. मांडवात घड पानांच्या छताखाली लोंबतात, त्यामुळे तिथे भाजण्यापेक्षा अंधाराची काळजी जास्त.

आणि मण्यात पाणी उतरायला लागलं की मोठी पानकाढणी नको. त्या वेळी प्रत्येक चांगलं पान साखर भरत असतं. पिवळं, रोगट, जमिनीकडे लोंबणारं काढा. बाकी हात आवरा.

हे कसबाचं काम आहे

आता थोडं आपल्याबद्दल. द्राक्षाचं शास्त्र सांगायला पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथले मेळावे, चर्चासत्रं होतात. तिथे खुर्च्यांवर बहुतेक पुरुष बसलेले असतात. आणि वेलीखाली बहुतेक बाया उभ्या असतात. पान ठेवायचं की काढायचं हे एकेका काडीवर ठरतं, दिवसाला शेकडो वेळा ठरतं, आणि ते ठरवणारी बोटं बाईची असतात. पेठ, सुरगाण्याकडून हंगामभर येऊन राहणाऱ्या बायांची, गावातल्या टोळीतल्या बायांची.

तरी या कामाला अजून पुष्कळ ठिकाणी साधं, कुणीही करावं असं काम समजतात. उक्तं दिलं की टोळीला वाटतं लवकर उरकावं, मालकाला वाटतं स्वस्तात उरकलं. घाईत डोळे मोडतात, चांगली पानं जातात, आणि त्याचा हिशेब चार महिन्यांनी व्यापाऱ्याच्या काट्यावर होतो. तेव्हा टोळीला कुणी विचारत नाही, आणि टोळीच्या चांगल्या कामाचं नावही कुणी घेत नाही.

म्हणून आमचं गटांना सांगणं आहे. काम घ्यायच्या आधी चार गोष्टी मालकाशी बोलून घ्या. ओलांड्यावर फुटी किती अंतराने ठेवायच्या. शेंडा कितव्या पानावर. वेलीवर घड किती. आणि शेवटची फवारणी कधी झाली. हे चार प्रश्न विचारणारी टोळी म्हणजे काम जाणणारी टोळी, हे मालकाला लगेच कळतं. मग रोजाचा भाव बोलतानाही आपली मान खाली नसते. ज्यांची स्वतःची बाग आहे त्यांनीही आपल्याकडे येणाऱ्या बायांना हे आपणहून सांगावं, आणि उक्त्यापेक्षा रोजाने काम करून घेणं परवडतं का याचा विचार करावा. दोन पैसे जास्त जातील, पण डोळे शाबूत राहतील.

आणि मान, खांदे? मांडवाखाली दिवसभर हात वर असतात. दर तासाला पाच मिनिटं हात खाली सोडून बसा. बुटक्या बाईला उभं राहायला पाट किंवा क्रेट द्या. यात काही लाड नाहीत. दुखरा हात डोळा मोडतो.

गटासाठी एक छोटं काम

शेवटी गटांसाठी एक काम. बागेतल्या पाच वेली निवडा. कडेच्या नकोत, मधल्या घ्या. त्यांना रंगीत चिंधी बांधा. एका वहीत प्रत्येक वेलीचं पान करा. विरळणीनंतर फुटी मोजून लिहा. शेंडा कुठल्या तारखेला, कितव्या पानावर खुडला ते लिहा. जूनमध्ये दर आठवड्याला दुपारी कवडसे पडतात का, ते हो किंवा नाही एवढंच लिहा. ऑक्टोबरनंतर त्याच वेलींवर किती डोळ्यांतून घड निघाले ते मोजा, मग काडीवरची पानं मोजा, आणि काढणीला मण्याची गोडी लिहा. ज्या वेलीखाली जूनमध्ये अंधार होता आणि जिथे कवडसे होते, त्यांच्या घडांत काय फरक पडला, हे तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर येईल. दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मोजावं, मुलीने लिहावं. मुलगी आईकडून वेल शिकेल, आई मुलीकडून आकडे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात फुटी पाच-सहा पानांवर आल्या असतील तर विरळणीला लागा. नखं वाढवून ठेवा, शेंडे खुडायचे दिवस जवळ आलेत. तुमच्या वहीतल्या पहिल्या नोंदी घेऊन गटाच्या बैठकीत या, आपण त्या कार्यक्रमात वाचू. नमस्कार.